वसईच्या पडक्या भिंती आणि टिकलेली मंडळी

मार्काच्या शुभवर्तमानाच्या तेराव्या अध्यायाच्या आरंभी एक शिष्य यरुशलेमेतील मंदिराचे मोठमोठे चिरे प्रभूला कौतुकाने दाखवितो, व त्याला काय उत्तर मिळते हे आमच्या वाचकांस ठाऊक आहे. आजच्या पाठात आम्हीही काही चिरे दाखविणार आहो. ते दूरदेशचे नव्हेत. आपल्याच कोकणपट्टीतील, पालघर जिल्ह्यातील वसईच्या किल्ल्यातले आहेत. आमच्या खेड्यापाड्यांतील पुष्कळ लोक लग्नकार्यासाठी अगर कामधंद्यासाठी मुंबईस जातात. परंतु तेथून आगगाडीने वसई रोड स्टेशनावर उतरून, पुढे बसने किल्ल्यापर्यंत जाऊन त्या जुन्या नगराचे अवशेष पाहून आलेले फार थोडे आढळतात. उपदेशकांनी तरी ती जागा एकदा पाहावी असे आम्हांस वाटते.

कोणी म्हणेल, वसईचे ख्रिस्ती लोक रोमन मंडळीचे, त्यांचे मठ व मंदिरे त्यांची; आपल्याला त्यांच्याशी काय कर्तव्य? त्यास आमचे उत्तर असे की, पहिले अमेरिकन मिशनरी १८१३ साली मुंबईस उतरले, त्याच्या अडीचशे वर्षे आधी वसईच्या वाड्यांतील मराठी बोलणारे शेतकरी व किनाऱ्यावरील कोळी ख्रिस्ताचे नाव घेऊ लागले होते. थोरल्या भावाच्या घरात काय घडले हे धाकट्याने जाणून घेऊ नये काय? शिवाय जो प्रश्न आज आमच्या कित्येक मंडळ्यांना भेडसावीत आहे, तोच वसईपुढे १७३९ साली एका उन्हाळ्यात येऊन उभा राहिला. परदेशी पाद्री गेले, राजाचा आधार गेला, पैसा गेला, इमारती ओस पडल्या; आता उपासना चालवावी कोणी?

आरंभ १५३४ ह्या वर्षापासून करू. ते वर्ष मोठे विलक्षण आहे. त्या वर्षी जर्मनीत विटेनबर्ग येथे मार्टिन लूथरने भाषांतर केलेले संपूर्ण पवित्र शास्त्र छापून निघाले. त्याच वर्षी १५ ऑगस्टला पॅरिस शहराजवळील एका टेकडीवर इग्नेशियस लोयोला व त्याचे सहा सोबती ह्यांनी एकत्र शपथ वाहिली. त्या सातांतूनच पुढे येशूसंघ, म्हणजे ज्यांना आपण जेझुइट म्हणतो तो संघ, निर्माण झाला. आणि त्याच वर्षी २३ डिसेंबरला गुजरातचा सुलतान बहादुरशहा ह्याने मोगलांच्या धास्तीने वसई व तिच्याभोवतालचा मुलूख पोर्तुगीज गव्हर्नर नुनो द कुन्हा ह्यास तहाने देऊन टाकला. एकीकडे शास्त्र लोकांच्या भाषेत आले, दुसरीकडे ते जगभर नेणारा नवा संघ जन्मला, आणि तिसरीकडे वसईच्या शेतकऱ्याचा धनी त्याला न विचारता बदलला. ह्या तीन गोष्टी पुढे एकमेकींत कशा गुंतल्या ते पाहण्यासारखे आहे.

येथे संघ म्हणजे काय हे सांगितले पाहिजे, कारण आमच्या मंडळ्यांत ते नसल्यामुळे खेड्यातील भावंडांस त्यांची ओळख नाही. आपल्या देशात जसे गोसावी, बैरागी, त्यांचे मठ व आखाडे आहेत, तसे ख्रिस्ती जगात संसार सोडून एका नियमाने राहणाऱ्यांचे संघ फार प्राचीन काळापासून आहेत. संघात शिरणारा तीन व्रते घेतो: स्वतःची मालमत्ता ठेवणार नाही, लग्न करणार नाही, वडिलांची आज्ञा मोडणार नाही. पण प्रत्येक संघाचा बाणा निराळा. आसीसी गावच्या कापड व्यापाऱ्याचा मुलगा फ्रान्सिस ह्याने बापाची संपत्ती टाकून भिक्षा मागत उपदेश करणारे बंधू जमविले, ते फ्रान्सिस्कन. दोमिनिकाचे अनुयायी विद्या व उपदेश ह्यांत निष्णात. त्यांच्या संघाला १२१६ साली मान्यता मिळाली. ऑगस्टिनियन हे संत ऑगस्टिनाच्या नियमाने चालणारे. येशूसंघाला १५४० साली मान्यता मिळाली, व त्याचा भर शाळांवर आणि दूरच्या देशांतील कामावर. 'देवाचा योहान' म्हणून प्रसिद्ध असलेला स्पेनमधील एक पुस्तकविक्या रोग्यांच्या सेवेस लागला. त्याच्यामागे शुश्रूषा करणाऱ्या बंधूंचा संघ झाला. हे पाचही संघ वसईत येऊन राहिले, आणि पाचांचीही मंदिरे किल्ल्याच्या कोटात होती.

आमच्या पंथाचे पुढारी ह्या व्रतांविरुद्ध बोलले हे खरे. पण ज्याने अधिक जोराने लिहिले तो लूथर स्वतः १५०५ साली ऑगस्टिनियन मठात शिरलेला संन्यासी होता, हे विसरू नये. नवल असे की, ज्या आलेइशो द मेनेझेस नावाच्या आर्चबिशपाच्या वेळी, १६०१ साली, वसईचे मुख्य मंदिर नवे करण्यात आले, तोही ऑगस्टिनियनच. ह्याच मेनेझेसाने १५९९ साली केरळातील उदयंपेरूर येथे सभा भरवून तेथील प्राचीन सिरियन मंडळीस रोमच्या आज्ञेत आणण्याची खटपट केली व तिची पुष्कळ पुस्तके जाळविली. एकाच झाडाला फळे किती वेगळी लागतात! आणि संसारत्याग करून सेवा करावी ही ओढ आमच्यातही अगदी नव्हती असे नाही. रेव्हरंड नारायण वामन टिळकांनी १९१७ साली 'देवाचा दरबार' काढला; जॅक विन्स्लो ह्यांनी १९२२ साली क्रिस्त सेवा संघ स्थापिला, व त्याचा आश्रम पुढे पुण्यास झाला. तेव्हा संघ म्हटला की नाक मुरडण्याची आमच्यातील काहींची जी सवय आहे, ती आम्हांस बरी वाटत नाही.

आता किल्ल्यात चलू. त्याला एक जमिनीकडचा दरवाजा व एक समुद्राकडचा. तटाच्या बुरुजांना संतांची नावे होती. आत शिरल्यावर ताड, झुडपे व वेली ह्यांतून उंच पडक्या भिंती दिसू लागतात. हल्ली हा किल्ला भारतीय पुरातत्त्व खात्याच्या संरक्षणाखाली आहे. तरी भिंतींवर आपली नावे कोरून ठेवणारे महाभाग येतातच. समुद्राच्या बाजूला योसेफाच्या नावाचे ते मुख्य मंदिर. त्याचा मनोरा अजून उभा आहे, आणि १६०१ सालच्या दुरुस्तीचा लेख दारावर होता. येशूसंघाच्या मंदिराचा दर्शनी भाग ह्या सर्वांत सुरेख. इग्नेशियसाचा सोबती फ्रान्सिस झेवियर १५४८ साली गव्हर्नराच्या भेटीसाठी वसईस आला होता. त्यानंतर लवकरच संघाचे लोक येथे कायमचे राहिले, व मंदिराबरोबर शाळाही घातली. दोमिनिकन मठ १५८३ सालचा. जॉन फ्रायर नावाचा इंग्रज वैद्य १६७५ च्या सुमारास येथे आला, तेव्हा त्याने सहा मंदिरे, चार मठ व दोन विद्यालये मोजली, आणि ग्रंथसंग्रहही पाहिला. एका लहान कोटात केवढा हा बडेजाव!

परंतु आमचे पाय सर्वांत अधिक वेळ थांबले ते फ्रान्सिस्कनांच्या मंदिरात. छप्पर नाही, कमानी आहेत, आणि खाली जमिनीत ओळीने थडग्यांचे दगड बसविलेले आहेत. त्यांवर पोर्तुगीज सरदारांची, त्यांच्या बायकांची व वारसांची नावे आणि कुळांची चिन्हे कोरलेली आहेत. ज्या फ्रान्सिसाने अंगावरची वस्त्रेसुद्धा बापाला परत केली, त्याच्या बंधूंच्या मंदिराची सारी जमीन धनवंतांच्या नावांनी फरसबंद झाली! दारिद्र्याचे व्रत घेतलेल्या प्रत्येक बंधूने लोभ धरला असे आम्ही म्हणत नाही. पुष्कळ जण खरोखर कष्टात राहिले व कष्टात मेले. पण एकेकट्याने गरीब राहणे व संघाने गरीब राहणे ह्यांत अंतर आहे. दानशूर सरदार मंदिराला पैसा देतो आणि वेदीजवळची जागा मागतो. त्याला नाही कोण म्हणणार? याकोबाच्या पत्राचा दुसरा अध्याय हाती घेऊन त्या थडग्यांमधून चालावे, म्हणजे तो अध्याय अधिक चांगला समजतो. आमच्या खेड्यातील मंदिरांतही पहिल्या बाकावर कोण बसतो आणि दाराशी चटईवर कोण, हे जाता जाता आठवावे.

ह्याहून कठीण गोष्ट पुढे आहे, व तीही आम्ही झाकून ठेवणार नाही. ह्या संघांचे काम राजाच्या तलवारीच्या सावलीत चालले. पोर्तुगीज मुलखात देवळे पाडण्याचे हुकूम सुटले. देवळांची उत्पन्ने पाद्र्यांकडे वळविली गेली. पोरक्या मुलांना ताब्यात घेऊन ख्रिस्ती करण्याचे कायदे झाले. अंतोनियो दो पोर्तो ह्या फ्रान्सिस्कनाने ह्या भागात फार मेहनत केली, अनाथांना सांभाळले, मुलांना शिकविले. आणि ह्याच बंधूंनी बोरिवलीजवळील मंडपेश्वराच्या प्राचीन शैव लेण्याचे ख्रिस्ती मंदिर करून टाकले व वर मठ बांधला. त्या मठाच्या भिंती आज लेण्याच्या माथ्यावर पडक्या उभ्या आहेत, व खाली शिवाची पूजा पुन्हा चालते. १५६० साली गोव्यास धर्मचौकशीचे न्यायासन बसले. त्याचा हात वसईपर्यंत पोहोचत असे. देलों नावाच्या एका फ्रेंच वैद्यास काही मोकळ्या बोलण्यावरून दमण येथे पकडून, वसईच्या तुरुंगात ठेवून, १६७४ च्या आरंभी गोव्यास नेण्यात आले. सुटल्यावर त्याने लिहिलेले पुस्तक १६८७ साली निघाले आणि साऱ्या युरोपात वाचले गेले. तो बोलूनचालून ख्रिस्ती व गोरा. मग साध्या कुणब्याची वा कोळ्याची काय कथा? न्यायासन १८१२ साली कायमचे बंद झाले. जो विश्वास धाकाने आला तो धाक गेल्यावर जावयास हवा. आणि वसईचे सगळे ख्रिस्ती केवळ धाकाने झालेले असते, तर १७३९ नंतर तेथे एकही उरला नसता. उरले, आणि म्हणूनच हा पाठ लिहिण्याजोगा आहे.

पण तत्पूर्वी वसईच्या एका मुलाची हकिकत सांगितली पाहिजे, कारण तो आमच्या उपदेशकांचा सजातीय होता. गोन्सालो गार्सिया हा १५५७ च्या सुमारास वसईस जन्मला. बाप पोर्तुगीज, आई इकडची. येशूसंघाच्या वसईतील शाळेत तो शिकला, आणि पंधराएक वर्षांचा असताना त्या संघाच्या पाद्र्यांबरोबर जपानास गेला. तेथली भाषा त्याने इतकी उत्तम आत्मसात केली की, कित्येक वर्षे तो त्यांच्या हाताखाली धर्मशिक्षकाचे काम करीत राहिला. संघात घ्यावे अशी त्याची विनंती होती. ती मान्य झाली नाही. काम घ्यायचे, पण पंगतीस बसवायचे नाही, हा प्रकार आमच्या जुन्या उपदेशकांस अपरिचित नाही. गोन्सालो निराश होऊन व्यापारात पडला, त्यात त्याची भरभराट झाली, परंतु मन तेथे रमेना. शेवटी फिलिपाईन्समधील मनिला येथे फ्रान्सिस्कनांनी त्याला साधा बंधू म्हणून घेतले. पाद्रीपणाची दीक्षा त्याला कधी मिळाली नाही. १५९३ साली मनिलाहून फ्रान्सिस्कनांची टोळी जपानचा सत्ताधीश हिदेयोशी ह्याच्याकडे वकिलातीस निघाली, तेव्हा दुभाष्या म्हणून हाच वसईकर पुढे होता. मोठमोठ्या पाद्र्यांचे बोलणे त्याच्या जिभेवाचून कोणाला समजले नसते.

तीन वर्षांनी वारे फिरले. एक स्पॅनिश गलबत जपानच्या किनाऱ्यावर फुटले, व त्यावरून हे पाद्री परक्या राजाच्या फौजेची वाट तयार करीत आहेत असा संशय बळावला. हा संशय सर्वस्वी खोटा होता असे वसईचा इतिहास वाचणाऱ्याला म्हणवेल काय? डिसेंबर १५९६ मध्ये गोन्सालोस व त्याच्या सोबत्यांस अटक झाली. मियाको नगरात त्यांचे कान कापून त्यांना गावोगाव मिरविले, ऐन हिवाळ्यात नागासाकीपर्यंत चालविले, आणि ५ फेब्रुवारी १५९७ रोजी तेथील टेकडीवर २६ जणांस क्रुसांवर चढवून भाल्यांनी मारले. त्यांत सहा फ्रान्सिस्कन, तीन जपानी जेझुइट व सतरा साधे जपानी ख्रिस्ती होते; काही तर मुले होती. रोमन मंडळीने १८६२ साली ह्या सर्वांस संत म्हणून जाहीर केले, आणि गोन्सालो भारतात जन्मलेला पहिला संत ठरला. आम्ही संतांची प्रार्थना करीत नाही, ती एका मध्यस्थाच्या द्वारे देवाचीच करतो. पण इब्री लोकांस पत्राच्या अकराव्या अध्यायातील यादी अजून चालूच आहे, आणि वसईच्या ह्या धर्मशिक्षकाचे नाव तीत असावे ह्याविषयी आम्हांस शंका नाही.

त्या कथेचा शेवट ह्याहूनही विचार करण्यासारखा आहे. पुढे जपानात ख्रिस्ती धर्मास पूर्ण बंदी झाली, पाद्री मारले गेले अगर घालवून दिले गेले, व दोनशेहून अधिक वर्षे तेथे एकही पाद्री नव्हता. सगळे संपले असे जगाने धरून चालले. १८६५ साली नागासाकीतील ओउरा येथे फ्रेंच पाद्र्यांनी नवे मंदिर बांधले. ते त्या २६ जणांच्याच स्मरणार्थ होते. मार्च महिन्यात काही शेतकरी स्त्रीपुरुष दबकत आत आले, आणि आपणही त्याच विश्वासाचे आहो असे त्यांनी पाद्र्याच्या कानात सांगितले. बाप्तिस्मा देण्याची रीत, सणांचे दिवस, प्रार्थना, हे सर्व त्यांच्या खेड्यांतील साध्या माणसांनी पिढ्यानपिढ्या तोंडी राखले होते.

वसईवर जपानासारखा प्रसंग आला नाही, निराळा आला. मराठ्यांची मोहीम १७३७ साली सुरू होऊन ठाणे पडले, आणि १७३९ साली चिमाजी आप्पांनी वसईस वेढा घातला. सेबास्तियन बुरुजाला सुरुंग लावून खिंडार पाडले गेले, दोन्ही पक्षांची माणसे खर्ची पडली, व मे महिन्यात किल्ला शरण आला. विजयी सरदाराने दाखविलेले औदार्य येथे नमूद करणे आम्हांस न्याय्य वाटते: पोर्तुगीजांस बायकामुलांसह, मानाने व सामानासह, निघून जाण्याची मुभा मिळाली, आणि जे ख्रिस्ती मागे राहू इच्छितील त्यांना आपली उपासना चालविण्याची मोकळीक करारात मान्य झाली. शंभर वर्षे देवळे पाडणाऱ्या सत्तेला अशा अटी मिळाल्या, ह्यावर आपण ख्रिस्ती लोकांनी जरा थांबून विचार करावा.

मंदिरांतील घंटा मात्र गेल्या. हत्तींवरून व गाड्यांवरून त्या घाटावर आल्या असे लोक सांगतात. नाशिकला गोदावरीच्या तीरी नारोशंकराच्या देवळावर जी प्रसिद्ध घंटा आहे ती, भीमाशंकर येथील १७२९ साल कोरलेली घंटा, आणि वाईजवळ मेणवली येथे नाना फडणविसांच्या वाड्यामागच्या घाटावरील घंटा, ह्या वसईच्या लुटीतील असे मानतात. मेणवलीच्या घंटेवर बाळ येशूला घेतलेल्या मरियेचे चित्र आहे. आमच्या नाशिक व सातारा भागांतील वाचकांनी ह्या घंटा खात्रीने पाहिल्या असतील, पण त्यांची कथा सगळ्यांना ठाऊक नसेल. घंटा जिंकणाऱ्याच्या देवळात वाजू लागली, म्हणून वसईच्या वाड्यांतील लोकांनी प्रार्थनेस जमणे सोडले नाही. सूर्य पाहून वेळ ओळखता येते.

दोनशे पाच वर्षांनी गोरे बंधू जहाजांत बसले, आणि त्यांच्या पाचही संघांचे वसईतील घर मोडले. मागे कोण राहिले? पापडी, संदोर, रमेदी, निर्मळ, नंदाखाल, आगाशी, माणिकपूर अशा गावांतील शेतकरी, माळी, कोळी. आणि त्यांच्याबरोबर थोडे एतद्देशीय पाद्री. ह्या काळ्या पाद्र्यांना पोर्तुगीज अमदानीत वरच्या जागा सहसा मिळत नसत, आणि मोठ्या संघांची दारे तर त्यांना बहुधा बंदच असत. पण बिकट वेळ आली तेव्हा मंडळी त्यांच्याच खांद्यावर उभी राहिली. १७६० च्या सुमारास आंकेतील द्यु पेरों हा फ्रेंच विद्वान शेजारच्या साष्टी बेटात फिरला. मराठ्यांच्या अमलात तेथील ख्रिस्ती लोक आपले सण उघडपणे, मोठ्या समुदायाने पाळीत आहेत व पाद्री सारे इकडचेच आहेत असे त्याने पाहिले. पुढे १८०२ च्या अखेरीस दुसऱ्या बाजीरावाने ह्याच वसईत इंग्रजांशी तह केला आणि १८१८ नंतर मुलूख इंग्रजांचा झाला. राज्ये तीन बदलली. गावातली मंदिरे तीच राहिली.

ही मंडळी कशाने टिकली, ह्याचा विचार करताना आमच्या मनात भाषेची गोष्ट पुनःपुन्हा येते. कोटातील पोर्तुगीज भाषा कोटाबरोबर गेली. वाड्यांतील लोक आपली मराठी, आपली सामवेदी, आपली वाडवळी बोलत राहिले. फ्रान्सिस्को वाझ द गिमाराइश ह्या फ्रान्सिस्कनाने उत्तर कोकणच्या मराठीत प्रभूच्या दुःखसहनाचे पुराण रचले. ते १६५९ साली, रोमी लिपीत, छापले गेले, आणि त्यातील ओव्या ह्या किनाऱ्यावरील ख्रिस्ती घरांत पिढ्यानपिढ्या गाइल्या गेल्या. गोव्यात फादर थॉमस स्टीफन्सचे क्रिस्तपुराण १६१६ साली निघाले होते, त्याचाच हा धाकटा भाऊ म्हणावा. एका संन्याशाने सरदारांचे थडगे बांधण्यास जागा दिली, ती आज उघड्यावर आहे. दुसऱ्याने ओवी दिली, ती आजीकडून नातीकडे गेली. आणि हे ऋण केवळ वसईकरांवरच आहे असे समजू नये. आपण ज्या दिवशी मुलांना नवे कपडे करतो त्याला 'नाताळ' म्हणतो, 'क्रूस' म्हणतो, आपल्या गुरूला 'पाद्री' म्हणतो. तिन्ही शब्द पोर्तुगीज. रमेदी हे गावाचे नावसुद्धा तेथील मंदिराच्या 'रेमेदियुश' ह्या पोर्तुगीज नावापासून लोकांनी आपल्या जिभेला वळवून घेतले.

वसईची ही परंपरा अजून चालू आहे. १९९८ साली वसईचा स्वतंत्र धर्मप्रांत झाला. तेथील उपासना मराठीत चालते. तेथलेच फादर फ्रान्सिस दिब्रिटो ह्यांनी संपूर्ण पवित्र शास्त्राचे सुबोध मराठी भाषांतर केले, ते २०१० साली प्रसिद्ध झाले, व त्यास साहित्य अकादमीचे पारितोषिक मिळाले. जानेवारी २०२० मध्ये उस्मानाबादेस भरलेल्या अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनाचे ते अध्यक्ष होते. जुलै २०२४ मध्ये ते प्रभूकडे गेले. १५३४ साली जर्मनीत जे घडले, ते रोमन मंडळीच्या एका मराठी पाद्र्याने वसईच्या मातीत केलेले पाहून लूथरास काय वाटले असते, असे आम्ही एकदा एका मित्रास विचारले. तो म्हणाला, प्रथम तो प्रत मागून घेता आणि चुका काढीत बसता!

आता आमच्याकडे वळू. मिशनचे बंगले आमच्याही गावांत आहेत; कित्येकांची कौले उडाली, कित्येकांवर खटले चालू आहेत. परदेशातून येणारा पगार थांबला तशी रविवारची उपासनाही थांबली, असे आम्ही एकाहून अधिक गावी पाहिले आहे. मंदिराला कुलूप, आणि कुलपाची किल्ली कोणाकडे ह्यावरून भाऊबंदकी. उलट एका वस्तीवर मंदिरच नव्हते. लिंबाखाली एक म्हातारी बाई, जिला अक्षरओळख नाही, ती भजने तोंडपाठ म्हणत असे व शेजारच्या मुलाकडून अध्याय वाचून घेत असे. पाळक तीन महिन्यांनी येई, पण त्याच्यासाठी कोणी थांबत नसे. ह्या दोहोंपैकी वसईच्या कोटासारखे कोण व वाड्यांसारखे कोण, हे वाचकांनीच ठरवावे. बंगल्याच्या दुरुस्तीस आमचा विरोध नाही. पाऊस सर्वांनाच भिजवितो. परंतु वर्गणी गोळा करताना कौलांची यादी जितक्या काळजीने होते, तितक्या काळजीने दुसरी एक यादी क्वचित होते.

ती यादी ह्या पाठाच्या वेळी करावी अशी उपदेशकांस आमची सूचना आहे. प्रथम प्रेषितांच्या कृत्यांच्या आठव्या अध्यायाची पहिली चार वचने वाचावी, व पांगापांग झाली तेव्हा यरुशलेमेत कोण राहिले आणि वचन सांगत कोण फिरले, हे मुलांकडून काढून घ्यावे. मग गोन्सालोची गोष्ट सांगावी. नकाशा असल्यास वसई, मनिला व नागासाकी दाखवावी. 'नाताळ' हा शब्द कोठून आला हेही विचारावे, मुलांना मौज वाटते. नंतर मोठ्यांना विचारावे की, आपला पाळक सहा महिने आला नाही, तर येथे प्रार्थना कोण चालवील, गाणे कोण काढील, वाचन कोण करील, आजाऱ्याकडे कोण जाईल, मुलांना प्रभूची प्रार्थना कोण शिकवील? उत्तरे येतील तशी नावे फळ्यावर लिहावी, व फळा आठवडाभर पुसू नये. बायकांची नावे लिहिण्यास बहुधा आठवण करून द्यावी लागते, ती द्यावी.